शोकेसमधला चाळीस नंबर

आमच्या बैठकीच्या खोलीत शोकेस आहे. तिच्या वरच्या कप्प्यात ताईची पदकं आहेत, खालच्या कप्प्यात आईचा कुणालाही न दिला जाणारा चहाचा सेट आहे, आणि मधल्या, म्हणजे दारातून आत येणाऱ्या माणसाच्या बरोबर नजरेसमोर येणाऱ्या कप्प्यात इंजिन ऑइलचा दहा लिटरचा सीलबंद डबा आहे. माझं शोकेसमध्ये काही नाही. मी एकदा विषय काढला होता. आई म्हणाली, "तू आधी काहीतरी मिळव, मग कप्प्याचं बघू."

डबा बाबांना निवृत्तीच्या दिवशी मिळाला. बाबा शहराच्या पंपहाउसमध्ये फोरमन होते. तिथली डिझेल इंजिनं एवढी मोठी की एकेकाला स्वतःचा जिना होता. इतरांना निवृत्तीला घड्याळ मिळतं. बाबांच्या हाताखालच्या लोकांनी विचार केला की साहेबांनी उभ्या जन्मात घड्याळाकडे पाहिलं नाही, पाहिलं ते ऑइलकडे. म्हणून त्यांनी चाळीस नंबरच्या जाड ऑइलचा डबा दिला, वर लाल रिबीन बांधून. बाबा घरी आले, रिबीन सोडली, घडी घालून खिशात ठेवली आणि आईला म्हणाले, "मधला कप्पा रिकामा कर."

बाबांची ऑइल तपासायची रीत अशी: थेंब दोन बोटांत घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा आणि बोटं हळूहळू लांब करायची. मध्ये तार आली तर ऑइल चांगलं. आई पाक एकतारी झाला का ते बघायलाही त्यांनाच बोलावते. बाबा तिथेही आधी हुंगतात.

असा माणूस, आणि त्याच्या घरात ताईने आणली टर्बोची छोटी गाडी.

ताई जनावरांची डॉक्टर. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात लठ्ठ मांजरांची नखं कापून आणि कुत्र्यांच्या मालकिणींना धीर देऊन तिने गाडीचे पैसे जमवले. दवाखान्यात ती चालत जायची, त्यामुळे गाडी वर्षभर खाली पार्किंगमध्ये उभीच होती. ती घेतली होती पुढच्यासाठी, आणि ते पुढचं आता आलं होतं. डोंगरापलीकडे गाईगुरांच्या दवाखान्यात ताईला नोकरी लागली होती. अट एकच, स्वतःची गाडी हवी. मांजर दवाखान्यात येतं. गाय येत नाही, तिच्याकडे जावं लागतं. सोमवारी सकाळी ताईने गाडीसकट हजर व्हायचं होतं. गाडी नाही तर नोकरी दुसऱ्याला.

"जा की," बाबा म्हणाले. "मी कुठे अडवतोय? फक्त ऑइल बदलायला झालंय. ऑइल बदलल्याशिवाय गाडी गावाबाहेर जाणार नाही."

"मग बदलू या," ताई म्हणाली.

"बदलू. आधी कोणतं घालायचं ते ठरू दे."

हे ठरणं सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. तेवढ्यात लोकांची लग्नं ठरतात.

"बाबा, गाडीच्या पुस्तकात स्पष्ट छापलंय. झिरो डब्ल्यू ट्वेंटी, फुल सिंथेटिक."

"नावातच शून्य आहे."

"ते थंडीतलं माप असतं, बाबा. गार असताना किती पातळ राहतं त्याचं."

"पुस्तक लिहिणाऱ्याने आपली गाडी पाहिली आहे का?"

"त्यांनीच बनवली आहे."

"बनवणं वेगळं," बाबा म्हणाले, "सांभाळणं वेगळं." आणि त्यांनी शोकेसकडे पाहिलं.

तेव्हा आम्हाला कळलं की प्रकरण कुठे चाललंय. बाबा तो डबा फोडायला तयार होते. ज्या डब्याला हात लावण्याआधी बाबा पाहुण्यांना हात धुऊन यायला सांगत, तो डबा ते ताईच्या गाडीत ओतणार होते. यापेक्षा मोठं प्रेम आमच्या घरात कुणी कुणावर केलेलं नाही. आणि यापेक्षा वाईट ऑइल त्या इंजिनाला मिळालं नसतं.

शनिवारी सकाळी मामा आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो आणि कुठल्याही भांडणात दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा नंबर असू शकतो या धोरणाने मध्ये पडतो.

"भाऊजी, सोपं आहे. अर्धं जाड घाला, अर्धं पातळ. सरासरी येईल."

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मामाने स्वतःचाच चष्मा काढून पुसला.

"मेहुणे, तुम्हाला एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून पळवलं तर सरासरी येईल का?"

"येईल की," मामा म्हणाला. "पण लंगडी येईल."

बाबा हट्टी असले तरी अन्यायी नाहीत. त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. आदल्या दिवशीच त्यांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून झिरो डब्ल्यू ट्वेंटी वाटीभर आणलं होतं, आणि जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेलं चाळीस नंबर दुसऱ्या वाटीत घेऊन दोन्ही वाट्या आईच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या होत्या. आईने त्यावर चिठ्ठी लावली होती: 'खाऊ नये'. चिठ्ठी माझ्यासाठी होती हे ती नाकारत नाही.

आता सगळ्यांसमोर वाट्या बाहेर आल्या. बाबांनी दोन्ही एकदम तिरप्या केल्या. पातळ ऑइल लगेच वाहून बशीत उतरलं. चाळीस नंबर वाटीत बसून राहिलं. हललं नाही.

"बघा!" ताई म्हणाली.

"बघा!" बाबाही म्हणाले, त्याच वेळी आणि त्याच आनंदाने.

"बाबा, ते हललंसुद्धा नाही!"

"तेच म्हणतोय मी. जागा सोडली नाही. याला म्हणतात निष्ठा."

ताई उठून गॅलरीत गेली. मी मागोमाग गेलो. ती खाली पार्किंगमधल्या आपल्या गाडीकडे बघत होती. गाडी छोटी, पांढरी, आणि इतकी स्वच्छ की तिच्याकडे बघून आपणच अंघोळ करून यावं असं वाटायचं.

"बाबांना ऑइल ठरवायचंच नाहीये," ती म्हणाली. "ठरलं की मी जाणार ना."

"मग भांडण कर."

"कशावर करू? ऑइलवर भांडले तर ते आणखी खूश होतात."

हे खरं होतं. मी विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "निदान आत आत्ता किती ऑइल आहे ते तरी बघू." जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून काहीतरी उपयोगाचं निघालं आणि त्याची कुणी नोंद घेतली नाही.

आम्ही सगळे खाली उतरलो. बाबांनी बॉनेट उघडलं, खिशातून निवृत्तीची लाल रिबीन काढली (ते डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची सळई, तिनेच पुसतात), डिपस्टिक पुसून पुन्हा आत घातली आणि बाहेर काढली. मग पुन्हा पुसली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

"काय झालं?" आई म्हणाली.

"वाढलंय," बाबा म्हणाले.

"काय?"

"ऑइल. वरच्या खुणेच्याही वर गेलंय. कमी झालेलं ऑइल मी जन्मभर पाहिलं. आपोआप वाढलेलं पहिल्यांदा बघतोय."

मग मामा हळूच म्हणाला, "गाभण असेल. घरात डॉक्टर आहे, तपासून घ्या."

ताईने बाबांकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. मामाने चष्मा लावून पाहिलं.

"मी नाही ओतलं," बाबा म्हणाले.

"बाबा, खरं सांगा. थोडंसं? प्रेमाने?"

"चला वर!" बाबा म्हणाले.

आम्ही सगळे पुन्हा वर गेलो. शोकेस उघडली. बाबांनी डब्याचं झाकण सगळ्यांना दाखवलं. सील शाबूत. मामाने वाकून, डोळा अगदी जवळ नेऊन खात्री केली आणि मान हलवली. आम्ही सगळे पुन्हा खाली आलो. दरम्यान जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांनी कुणाची तब्येत बिघडली का असं विचारलं आणि आई म्हणाली, "अजून कळत नाहीये."

शेवटी मी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून मेकॅनिकला बोलावून आणलं. याला कुठलाही प्रश्न विचारा, तो "बघू" म्हणतो, म्हणून आमच्या गल्लीत त्याचं नाव बघूशेठ. त्याच्या लग्नात त्याने काय उत्तर दिलं यावर मतभेद आहेत.

"ऑइल वाढलंय," बाबा म्हणाले.

"बघू," बघूशेठ म्हणाला, आणि डिपस्टिक बघायच्या ऐवजी बाबांच्या हातात दिली. बाबांच्या नाकाचा लौकिक त्याच्यापर्यंत पोचलेला होता.

बाबांनी थेंब दोन बोटांत घेतला. चोळला. बोटं नाकाशी नेली, आणि तिथेच थांबली.

"पेट्रोल," ते म्हणाले.

"हं," बघूशेठ म्हणाला. "ही गाडी चालते किती?"

आता या प्रश्नाचं उत्तर देणं खरं तर सोपं होतं. पण आमच्यातला जो तो आपल्या चपलांकडे बघायला लागला.

"चालत तशी नाही," आई म्हणाली. "पण सुरू होते. म्हणजे मी करते. रोज सकाळी, हे फिरायला गेले की. पाच-दहा मिनिटं. एकटीच उभी असते बिचारी. जरा घरघर केली की तिलाही बरं वाटतं."

बाबा आईकडे वळले. "तूसुद्धा?"

"'सुद्धा' म्हणजे?" आई म्हणाली.

"मी संध्याकाळी करतो," बाबा म्हणाले. "आवाज ऐकायला. तब्येत कळते."

"मी दुपारी," मी म्हणालो. "मुलाखतीची तयारी करायला. एसी लावून." मी तिथे झोपतो हे सांगायची ती वेळ नव्हती.

मामाने घसा खाकरला. "मी आलो की ती जरा मागे घेतो. माझी स्कूटर सावलीत बसते. आणि जाताना पुन्हा पुढे."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"ज्या एका माणसाने ही गाडी सुरू केली नाही ती मी," ताई म्हणाली. "किल्ली कधी जागेवरच नसायची."

बघूशेठने कपाळाला हात लावला. मग त्या दिवशी तो एरवी महिन्याभरात बोलत नाही एवढं बोलला. इंजिन लहान, तीन सिलिंडरचं. पेट्रोल थेट आत फवारलं जातं. गार असताना जरा जास्तच. त्यातलं थोडं न जळता खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. गाडी लांब पळाली, ऑइल नीट तापलं, की ते उडून जातं. पण तुम्ही लोक इंजिन गरम व्हायच्या आत बंद करता, तेही दिवसातून तीन-चार वेळा, घरातला एकेक जण पाळीने. मग ते उडणार कधी? साठत जातं. ऑइल वाढल्यासारखं दिसतं, पण असतं पाणचट.

"म्हणजे ऑइल कोणतंही घातलं तरी..." ताईने विचारलं.

"बघू," बघूशेठ म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "नाही. उभ्या गाडीत कोणतंही घाला, नासणार."

बाबा डिपस्टिक पुसत होते. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"आमच्याकडे एक राखीव इंजिन होतं," ते म्हणाले. कुणाला सांगत होते ते कळलं नाही; बहुतेक बॉनेटला. "बाकीची बंद पडली तर लागेल म्हणून ठेवलेलं. नवीन पोरं त्याला नुसतं चालू-बंद करायची. मी त्यांना ओरडायचो. म्हणायचो, अरे, त्याला बाहेर काढा, पूर्ण भारावर पळवा, घाम येऊ द्या. जपून ठेवलं तर ते बसल्या जागी..."

इथे बाबा थांबले. वाक्य पूर्ण झालं नाही. पण ते काय होतं ते त्यांना ऐकू आलं होतं, आणि आम्हालाही.

आई म्हणाली, "अहो, चहा ठेवू का?"

"ठेव," बाबा म्हणाले. "आणि बघूशेठ, तो टर्बो. तो फिरतो किती?"

"मिनिटाला लाखाच्या वर फेरे."

"लाख?" बाबांची इंजिनं मिनिटाला काहीशे फेरे फिरायची आणि तेवढ्यात अख्ख्या शहराच्या टाक्या भरायची. "एवढ्याशा पंख्याला? आणि त्याच्या दांड्याला ऑइल पोचतं कुठून?"

"हे बघा, एवढी नळी." बघूशेठने करंगळी दाखवली, मग विचार करून करंगळीचं अर्धंच टोक दाखवलं. "किल्ली फिरवली की पंखा सुटलाच. ऑइल तिथे लगेच पोचलं पाहिजे. वर धुराची धग. साधं ऑइल तिथे करपतं, म्हणून सिंथेटिक."

बाबा बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले. फ्रीजरमधल्या वाटीत चाळीस नंबर कसं बसून राहिलं होतं, ते आता त्यांना वेगळं दिसत असावं. निष्ठा चांगलीच, पण सकाळी सकाळी कामावर पोचायलाही हवं.

"म्हणजे धावणाऱ्याला मी जाड कोट घालायला निघालो होतो," ते म्हणाले. मग आमच्याकडे न बघता: "उद्या सकाळी बदलू."

"कोणतं?" ताईने विचारलं. तिचा आवाज जरा चिरकला.

"पुस्तकातलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला दुकानात नेलं. तिथे ऑइलची भिंतच्या भिंत होती. बाबा एकेक डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचत होते. पुढचं चित्र ते बघतसुद्धा नव्हते. पुढे एका डब्यावर विजा होत्या, दुसऱ्यावर वाघ.

"हा घ्या, सर, याच्यावर वाघ आहे," दुकानदार म्हणाला.

"इंजिनात वाघाचं काय काम?" बाबा म्हणाले. पुस्तकात छापलेला कोड डब्यावर जुळायला हवा, छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनासाठी आहे असं लिहिलेलं हवं आणि झिरो डब्ल्यू ट्वेंटी हवं, ही त्यांची अट. एक डबा तिन्हीत बसला. त्यावर कसलंच चित्र नव्हतं. बाबांना तो फार आवडला.

गॅरेजमध्ये बघूशेठने खालचा नट काढला आणि जुनं ऑइल ट्रेमध्ये उतरलं, काळं, पेट्रोलच्या वासाचं. फिल्टर बदलला. नवा डबा मात्र बाबांनीच उघडला. दोन बोटांत थेंब घेतला, चोळला, हुंगला, बोटं लांब केली.

तार आली नाही.

बाबांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा नाही. "हे ऑइल आहे की ऑइलची आठवण," ते पुटपुटले. पण नरसाळं लावलं आणि ओतलं, थोडं थोडं, मध्ये थांबून, डिपस्टिक बघत. खुणेच्या थेंबभरही वर जाऊ दिलं नाही. अर्धा-एक लिटर उरलं, त्याचं झाकण घट्ट लावून डबा काखोटीला मारला. बघूशेठ बाजूला उभा राहिला होता. असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघू असंही म्हणाला नाही.

ताई दुपारी निघाली. आईने मागची सीट इतकी भरली की आरशात फक्त उशा दिसत होत्या. पुढच्या सीटवर बाबांनी स्वतः एक गोधडी घडी करून ठेवली. जरा जाड घडी होती. ताई रडली नाही, आई रडली नाही, मामा रडला आणि म्हणाला चष्म्याचा नंबर बदललाय. बाबा खिडकीशी वाकून एवढंच म्हणाले, "सुरुवातीला जरा हळू. मग पळव. थांबलीस की लगेच बंद करू नकोस, टर्बोला दम घेऊ दे. आणि रोज चालव. रोज म्हणजे रोज."

"हो, बाबा."

"नुसती चालू-बंद करू नकोस."

"ते मी कधी केलं?"

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. आम्ही वर आलो. कुणी काही बोलायच्या आत बाबांचा फोन वाजला; त्यांनी तो स्पीकरवर टाकला. ताई.

"बाबा, एक दिवा लागलाय."

बाबा उभे राहिले. "लाल की पिवळा?"

"लाल. मी बाजूला घेतलीय गाडी."

"इंजिन बंद कर! ऑइलच्या किटलीसारखं चित्र आहे का? खाली थेंब?"

"नाही. माणूस आहे. बसलेला. अंगावरून पट्टा गेलाय. आणि सारखं टिंग टिंग वाजतंय."

"कोण माणूस?" आई घाबरून म्हणाली.

बाबा खाली बसले. त्यांचा चेहरा एकदम पकडले गेल्यासारखा झाला.

"बाबा," ताई फोनवर म्हणाली, "या गोधडीत काय आहे?"

मी शोकेसकडे पाहिलं. मधला कप्पा रिकामा होता. तिथे एक गोल डाग होता, डब्याच्या बुडाएवढा.

"इंजिनात घालायचं नाही हां," बाबा घाईघाईने म्हणाले. "अजिबात नाही. पण तिकडे शेतावर जुने पंप असतील. कुणाचं इंजिन अडलं, कुणाकडे ऑइल नसलं, तर... तिकडे कोण ओळखीचं आहे आपलं? काहीतरी हवं ना जवळ."

फोनमध्ये गोधडी उलगडल्याचा आवाज आला, मागे टिंग टिंग चालूच होतं.

"गाडी सीटवर कुणीतरी बसलंय असं धरतेय, बाबा," ताई म्हणाली. यावेळी तिचा आवाज चांगलाच चिरकला. "वजनाने."

"मग लाव त्याला बेल्ट," बाबा म्हणाले.

खट्ट असा आवाज आला. टिंग टिंग थांबलं. मग गाडी सुरू झाली आणि बाबांनी फोन कानाला घट्ट धरून तो आवाज शेवटपर्यंत ऐकला.

"कप्पा रिकामा झाला," आई थोड्या वेळाने म्हणाली, आणि चक्क माझ्याकडे बघितलं. मी उठून उभाही राहिलो. पण बाबा आधीच आतून येत होते, उरलेल्या झिरो डब्ल्यू ट्वेंटीचा डबा लाल रिबिनीने पुसत.